मोटारींच्या शर्यती आणि सारथ्याचें कौशल्य

मोटारींच्या शर्यतीचें नांव काढलें कीं आपणांपैकीं बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभें राहतें : कानठळ्या बसविणारा आवाज, उडणारा धुरळा, आणि जिवावर उदार होऊन पायाखालचा ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून धरणारा एखादा धाडसी तरुण. जो अधिक शूर तो अधिक वेगवान, असा आपला साधा हिशेब असतो. हा हिशेब कितपत खरा आहे, आणि सर्वांत वेगवान सारथी हा दुसऱ्या चांगल्या सारथ्याहून नेमका कशांत निराळा असतो, याचा थोडासा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रश्न स्पष्ट व्हावा म्हणून एक प्रसिद्ध उदाहरण घेऊं. १९८८ सालीं मोनॅको येथें झालेल्या शर्यतींत ब्राझिलचा आयर्टन सेना आणि फ्रान्सचा ॲलन प्रॉस्ट हे दोघे मॅक्लॅरेन या एकाच पथकांत होते. मोटारी एकाच बनावटीच्या, इंजिनें एकाच होंडा कारखान्याचीं, रस्ताहि एकच. शर्यतीच्या प्रारंभीं कोणी कोठें उभें राहावें हें ठरविण्यासाठीं आधीं वेळेची परीक्षा होते. तींत सेनानें तीन किलोमीटरांहून थोडी अधिक लांबीची फेरी १ मिनिट २३.९९८ सेकंदांत पुरी केली. प्रॉस्टला १ मिनिट २५.४२५ सेकंद लागले. म्हणजे दोघांत जवळजवळ दीड सेकंदाचें अंतर पडलें. ज्या खेळांत सेकंदाच्या शंभराव्या भागासाठीं झगडा चालतो तेथें दीड सेकंद म्हणजे फार मोठा काळ होय. शिवाय प्रॉस्ट हा कोणी सामान्य सारथी नव्हता. तोंपर्यंत तो दोनदां जगज्जेता झालेला होता. मोटार सारखी, धैर्यांतहि कोणी कमी नाहीं. मग हा दीड सेकंद आला कोठून?

उत्तर शोधण्यासाठीं प्रथम चाकांखालीं पाहिलें पाहिजे. मोटार कितीहि मोठी व तिचें इंजिन कितीहि बलाढ्य असो, तिचा भूमीशीं संबंध येतो तो चार टायरांच्या चार लहानशा तुकड्यांपुरताच. आपल्या नेहमींच्या मोटारींत असा प्रत्येक तुकडा सुमारें तळहाताएवढा असतो. शर्यतीच्या मोटारींत तो कांहींसा मोठा असतो इतकेंच. वेग वाढविणें, वेग कमी करणें आणि वळणें हीं तिन्ही कामें या चार तुकड्यांच्या पकडीवर चालतात. ही पकड अमर्याद नाहीं. मर्यादा ओलांडली कीं मोटार सारथ्याची राहत नाहीं. ती वळण सोडून सरळ जाते किंवा गिरकी घेते. उलट मर्यादेच्या पुष्कळ आंत राहिलें तर मोटार सुरक्षित राहते, पण वेळ फुकट जातो. म्हणून शर्यतीचें सारें शास्त्र थोडक्यांत सांगावयाचें तर तें असें, कीं जेवढी पकड आहे तेवढी सर्व वापरावी, आणि जी नाहीं ती वापरूं जाऊं नये.

आतां ही पकड वापरावयाची कशी ? पहिली गोष्ट मार्गाच्या निवडीची. समजा, काटकोनांत वळणारा १० मीटर रुंदीचा रस्ता आहे आणि त्या वळणाच्या आंतल्या कडेची त्रिज्या २० मीटर आहे. जो मनुष्य रस्त्याच्या मध्यावरून वळेल त्याच्या मार्गाची त्रिज्या २५ मीटर होईल. पण जो बाहेरच्या कडेनें येऊन, वळणाच्या मध्यावर आंतल्या कडेला स्पर्श करून, पुन्हां बाहेरच्या कडेला निघून जाईल, त्याच्या मार्गाची त्रिज्या ५४ मीटर भरते. टायरांची पकड मोटारीच्या वजनाइतकी धरली, तर पहिल्याला तें वळण ताशीं सुमारें ५६ किलोमीटर वेगानें घेतां येईल, आणि दुसऱ्याला ताशीं सुमारें ८३ किलोमीटर वेगानें. मोटार तीच, टायर तेच. केवळ रस्त्याची सबंध रुंदी वापरल्यानें एवढा फरक पडतो.

याच्या जोडीला आणखी एक विचार असतो. वळणानंतर जर लांब सरळ रस्ता येत असेल, तर वळणांतून बाहेर पडतांनाचा वेग हा त्या सबंध सरळ रस्त्यावर आपल्याबरोबर येतो. ६०० मीटर लांबीच्या रस्त्यावर ज्याचा सरासरी वेग ताशीं १८० किलोमीटर पडला त्याला १२ सेकंद लागतात. ज्याचा ताशीं १८४ पडला त्याचा पाव सेकंद वांचतो. म्हणून जाणता सारथी अशा वळणांत आंतल्या कडेला थोडा उशिरा स्पर्श करतो, म्हणजे त्याला मोटार लवकर सरळ करून इंजिनाचा जोर लवकर देतां येतो. वळणांत शिरतांना थोडें गमवावें आणि बाहेर पडतांना अधिक मिळवावें, असा हा व्यवहार आहे.

परंतु हें सारें ज्ञान शर्यतींतील प्रत्येकाजवळ असतें. एवढ्यावरून चांगला सारथी आणि सर्वश्रेष्ठ सारथी यांतील भेद समजत नाहीं. तो भेद पाहावयाचा तर सरळ रस्ता संपून वळण सुरू होतें त्या सांध्यावर लक्ष दिलें पाहिजे. तेथें सारथी ब्रेक सोडीत असतो आणि चक्र वळवीत असतो. हा सारा व्यवहार एक-दोन सेकंदांचा असतो. पण खरें कौशल्य तेथेंच उघड होतें.

नवशिका मनुष्य सरळ रस्त्यावर ब्रेक दाबतो, तो पुरता सोडतो, आणि मग वळतो. यांत धोका कमी, पण पकडीचा अपव्यय मोठा. टायरची पकड ही जुन्या सोळा आण्यांच्या रुपयासारखी मानली, तर ब्रेकसाठीं बारा आणे खर्च केल्यावर वळण्यासाठीं चारच आणे उरतील असें आपणांस वाटेल. पण निसर्गाचा हिशेब येथें साध्या वजाबाकीचा नाहीं. ब्रेकचा जोर मागच्या दिशेला असतो, वळण्याचा जोर बाजूच्या दिशेला असतो. दोन्ही एकमेकांशीं काटकोनांत असल्यामुळें त्यांची बेरीज काटकोन त्रिकोणाच्या भुजांप्रमाणें होते. म्हणून ब्रेकसाठीं बारा आणे पकड वापरली असतांहि वळण्यासाठीं चार नव्हे, साडेदहा आणे पकड शिल्लक असते ! जो सारथी ब्रेक हळूहळू सोडतां सोडतां त्याच मानानें चक्र वळवीत जातो, तो हा शिल्लक भाग पदरांत पाडून घेतो. जो दोन्ही क्रिया तोडून निरनिराळ्या करतो, तो त्याला मुकतो.

यांत दुसराहि लाभ आहे. ब्रेक दाबला असतां मोटारीचा भार पुढच्या चाकांवर येतो, हें बसमधून प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला अनुभवानें ठाऊक आहे. पुढच्या चाकांवर भार असला कीं त्यांची पकड वाढते आणि मोटार वळणाकडे तोंड करण्यास तयार होते. मागचीं चाकें हलकीं झाल्यामुळें मागची बाजूहि किंचित् बाहेर सरकूं पाहते. ब्रेक एकदम सोडला तर भार झटक्यानें मागें जातो, पुढचीं चाकें हलकीं होतात आणि मोटार वळावयास नाखूष होते. ब्रेक उशिरापर्यंत जोरानें धरून ठेवला तर मागची बाजू सुटून गिरकी बसते. या दोहोंच्या मधली अरुंद वाट प्रत्येक वळणागणिक, प्रत्येक फेरीगणिक, टायर झिजत व पेट्रोल कमी होत असतां, अचूक साधणें हेंच खरें कसब होय. १९६९, १९७१ आणि १९७३ सालीं जगज्जेता झालेला स्कॉटलंडचा जॅकी स्टुअर्ट हा ब्रेक दाबण्यापेक्षां तो सोडण्याच्या कलेवर अधिक भर देत असे. शिकविण्यासाठीं तो मोटारीच्या बॉनेटवर एक उथळ परातीसारखें भांडें बसवी आणि त्यांत चेंडू ठेवी. तो खालीं न पडूं देतां वेगानें मोटार हांकून दाखवावयाची! हाताला किंवा पायाला जरा हिसका बसला कीं चेंडू उडालाच.

अलीकडच्या शर्यतींच्या मोटारींत हें काम अधिकच नाजूक झालें आहे. त्यांच्या पुढें व मागें पंख बसविलेले असतात. विमानाचे पंख विमानाला वर उचलतात. हे पंख मोटारीला खालीं दाबतात, आणि हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. त्यामुळें वेग अधिक असतां पकड फार असते, आणि वेग कमी होऊं लागला कीं पकडहि घटूं लागते. म्हणून सारथ्याला प्रारंभीं सर्व शक्तीनें ब्रेक दाबावा लागतो, आणि लगेच, वेग उतरेल त्या मानानें, पाय सैल करीत यावें लागतें. त्या पहिल्या क्षणीं त्याच्या अंगावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारें पांचपट ताण येत असतो. अशा ताणांत पाय वीणेच्या तारेवरील बोटासारखा हलका ठेवावयाचा, ही गोष्ट सामान्य नव्हे. आतां मोटारींत बसविलेलीं यंत्रें ब्रेकचा दाब, चक्राचा कोन आणि ॲक्सिलरेटरची स्थिति यांची क्षणाक्षणाची नोंद कागदावर रेषांच्या रूपानें मांडून दाखवितात. एकाच पथकांतील दोन सारथ्यांच्या रेषा एकमेकींवर ठेवून पाहिल्या, तर पुष्कळदां ब्रेक दाबण्याची जागा जवळजवळ एकच असते. भेद दिसतो तो ब्रेक सोडण्याच्या उतरत्या रेषेंत.

पण मर्यादा जवळ आली हें सारथ्याला कळतें कसें ? टायर रबराचा असल्यानें तो वळतांना थोडा पिळला जातो. चाकाचें तोंड ज्या दिशेला असतें त्याहून मोटारीची खरी गति किंचित् निराळ्या दिशेला असते. हा कोन वाढत जातो तसतशी पकड वाढते. परंतु कांहीं थोड्या अंशांनंतर ती कळसाला पोंचते आणि मग उतरूं लागते. म्हणजे सर्वांत वेगवान सारथ्याचे टायर सदैव थोडेसे घसरत असतात. अगदीं न घसरणारा मागें पडतो, आणि फार घसरणाराहि मागें पडतो. या कळसाची सूचना चक्रावरील हातांना आधीं मिळते. सामान्यतः चक्र आपण होऊन सरळ होऊं पाहतें व हातांना त्याचा जोर जाणवतो. पुढचे टायर कळसाजवळ आले कीं हा जोर कमी होऊं लागतो व चक्र हलकें लागतें. मागच्या चाकांची वार्ता बैठकीतून, पाठीच्या कण्यांतून कळते. ही सूचना इतकी सूक्ष्म असते कीं सामान्य मनुष्याला ती समजते तेव्हां मोटार आधींच सुटलेली असते. श्रेष्ठ सारथी सुटलेली मोटार सांवरण्यांत पटाईत असतो हें खरें. पण त्याचा मोठेपणा असा कीं त्याला ती क्वचितच सांवरावी लागते. घसरण जन्माला येतांच तो ती एवढ्या अल्प हालचालीनें मिटवितो कीं पाहणाराला कांहीं घडलें असेंच वाटत नाहीं.

हातांपायांइतकेंच काम डोळ्यांचेंहि आहे. १९९४ सालीं मायकेल लँड आणि डेव्हिड ली या दोन शास्त्रज्ञांनीं वळणाच्या रस्त्यावर मोटार हांकणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. हांकणाराची दृष्टि वळण येण्यापूर्वीं एक-दोन सेकंद आधींच वळणाच्या आंतल्या कडेवरील एका विशिष्ट बिंदूवर जाऊन स्थिर होते, असें त्यांना आढळून आलें. ही साध्या मनुष्याची गोष्ट झाली. शर्यतीचा सारथी याच्याहि पुढें असतो. ब्रेक दाबतांना त्याची नजर वळणांत असते, आणि वळणांत असतां ती बाहेर पडण्याच्या जागीं पोंचलेली असते. त्यामुळें त्याच्यापाशीं नेहमीं वेळ शिल्लक असतो. बाहेरून आपणांस जी विलक्षण चपळाई वाटते, ती पुष्कळदां आधीं पाहिल्यामुळें आलेली स्वस्थता असते.

येथें एक शंका येईल. श्रेष्ठ सारथी जर इतका मृदु हातांचा असेल, तर सर्व श्रेष्ठ सारथी सारखेच दिसावयास पाहिजेत. तसे ते दिसत नाहींत. स्कॉटलंडचा जिम क्लार्क, जो मुळांत शेतकरी होता, किंवा वर उल्लेखिलेला प्रॉस्ट, हे मोटार जणूं तिच्या कलानें घेत. त्यांचीं चाकें कमी घसरत, यंत्र कमी झिजे. प्रॉस्टला तर ‘प्राध्यापक’ असेंच नांव पडलें होतें. सेनाची रीत निराळी. वळणाच्या मध्यावर तो ॲक्सिलरेटरला अतिशय जलद असे लहान लहान ठोके देई, एवढे कीं केवळ आवाजावरून तो ओळखूं यावा. त्या वेळच्या टर्बो इंजिनांना पाय दाबल्यावर जोर येण्यास किंचित् विलंब लागे. या ठोक्यांनीं इंजिन तयार राही आणि मागच्या टायरांत किती पकड उरली आहे याचीहि क्षणोक्षणीं चांचणी होई. एक गवई संथ आलापीनें राग उभा करतो, दुसरा तानांच्या वर्षावानें; पण दोघांचेहि स्वर जागेवर असले पाहिजेत. तसेंच हें आहे. रीति दोन, पण टायर कळसावर ठेवण्याचें साध्य एकच.

सारथ्याची खरी परीक्षा मात्र परिस्थिति बिघडल्यावर होते. १९६३ सालीं बेल्जममधील स्पा येथें मुसळधार पाऊस पडत असतां क्लार्कच्या लोटस मोटारीचा वरचा गिअर जागेवरून निसटूं लागला. त्यानें एका हातानें गिअरचा दांडा धरून ठेवला, दुसऱ्या हातानें चक्र सांभाळलें, आणि जवळजवळ पांच मिनिटांच्या अंतरानें शर्यत जिंकली. तो रस्ता त्याला मनापासून अप्रिय होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या विजयाचें मोल अधिकच वाटतें. १९९४ सालीं स्पेनमध्यें जर्मनीच्या मायकेल शूमाकरची मोटार पांचव्या गिअरमध्यें अडकून बसली. इंजिनाला मंद वेगांत जोर राहिना. तेव्हां त्यानें प्रत्येक वळणाचा मार्ग बदलला, वळणें अधिक रुंद घेऊन वेग उतरूंच दिला नाहीं, आणि मधल्या थांब्यावरूनहि त्याच गिअरमध्यें मोटार काढून दुसरा क्रमांक मिळविला. मोटार जशी असावी तशी नसेल तर जशी आहे तशी हांकावयाची, ही लवचीक बुद्धि श्रेष्ठ सारथ्याचें मोठें लक्षण होय.

आणि तरीहि मर्यादेची गोष्ट शेवटीं येतेच. अर्जेंटिनाचा हुआन मॅन्युएल फांजिओ हा १९५७ सालीं ४६ वर्षांचा होता. जर्मनींतील न्यूरबुर्गरिंग या २२.८ किलोमीटर लांबीच्या, डोंगरांतून जाणाऱ्या रस्त्यावर पेट्रोल व टायर घेण्यासाठीं तो थांबला आणि त्याला फार उशीर झाला. माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स हे फेरारीवाले दोघे तरुण पाऊण मिनिटाहून अधिक पुढें गेले. तेव्हां नेहमीं ज्या वळणांत तो खालचा गिअर वापरी तेथें वरचा गिअर ठेवून तो जाऊं लागला. फेरीमागून फेरी त्यानें विक्रम मोडले. आदल्या वर्षीचा फेरीचा विक्रम ९ मिनिटें ४१.६ सेकंदांचा होता; फांजिओनें तो ९ मिनिटें १७.४ सेकंदांवर आणला, आणि शेवटून दुसऱ्या फेरींत दोघांनाहि मागें टाकून ३.६ सेकंदांनीं शर्यत जिंकली. त्याचें हें पांचवें जगज्जेतेपद. पण त्या दिवशीं आपण जसें हांकलें तसें पूर्वीं कधीं हांकलें नव्हतें, आणि पुन्हां तसें हांकण्याची इच्छाहि नाहीं, अशा अर्थाचे उद्गार त्यानें मागाहून काढले. ज्यानें सबंध पकड वापरली त्यालाच शेवटचा आणा खर्चण्याची किंमत ठाऊक होती.

मोनॅकोच्या ज्या शर्यतीनें आपण प्रारंभ केला तिचा शेवटहि येथें सांगितला पाहिजे. परीक्षेंत दीड सेकंदानें पुढें गेलेला सेना प्रत्यक्ष शर्यतींत प्रॉस्टच्या पुढें बराच दूर निघून गेला होता. ७८ फेऱ्यांपैकीं ११ फेऱ्या उरल्या असतां, वेग आंवरावा अशी सूचना पथकाकडून त्याला झालेली असतां, त्याचें चित्त क्षणभर ढळलें; मोटार कठड्यावर आदळली आणि शर्यत प्रॉस्टनें जिंकली. ज्या एकाग्रतेनें तो दीड सेकंद निर्माण झाला होता, ती एकाग्रता सैल होतांच सर्व कमाई गेली. तेथें हानि झाली ती मोटारीची. क्लार्क १९६८ सालीं हॉकेनहाइम येथें आणि सेना १९९४ सालीं इमोला येथें प्राणांस मुकले. इतक्या थोर सारथ्यांनाहि ही मर्यादा क्षमा करीत नाहीं.

श्रोतेहो, यावरून आपल्या मूळ हिशेबाचें काय झालें तें दिसून येईल. धैर्य लागतें, परंतु तें शर्यतीला उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाजवळ असतें. त्यानें निवाडा होत नाहीं. निवाडा करतें ती मर्यादेची जाण. घाटाच्या ओल्या रस्त्यावर जो तरुण वेगालाच पराक्रम समजतो, तो शर्यतीच्या सारथ्याचें केवळ बाह्य रूप उचलतो. शर्यतीच्या रस्त्यावर समोरून एस. टी. येत नाहीं, वळणापलीकडे गुरें बसलेलीं नसतात, रस्त्याची सबंध रुंदी एकट्याची असते. म्हणून तेथें सोळाहि आणे पकड खर्चितां येते. आपल्या रस्त्यावर त्यांतील निम्मे आणे तरी अकल्पितासाठीं राखून ठेवले पाहिजेत. मात्र त्याच्यापासून घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत, आणि त्या कोणालाहि साधण्यासारख्या आहेत : नजर दूरवर ठेवावी, आणि हाताला व पायाला कधीं हिसका बसूं देऊं नये. शेजारीं बसलेल्या वृद्ध मनुष्याची झोंप वळणांवळणांतूनहि न मोडतां ज्याला घाट उतरतां येईल, त्यानें या विद्येचा पहिला धडा पुरा केला असें खुशाल समजावें.